दोन्ही कान ठीक

कोल्हापूर
२१ ऑक्टोबर २०२४

आक्का,

शरणु शरणार्थी. पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. वीस-बावीस वर्षांत तुला पत्र लिहिलं नव्हतं. पण फोन कानाला लावला की डोकं भणाणतं, आणि स्पीकरवर टाकावा तर तुझ्याकडे दाजी आणि माझ्याकडे दानेश्वरी, दोघांचंही लक्ष तिकडेच. मला जे सांगायचंय ते फक्त तुला सांगायचंय.

माझ्या डाव्या कानात शीळ वाजते. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी जी बारीक सूं ऐकू येते ना, तशी. फरक एवढाच की इथे शिट्टी कधी होत नाही, नुसती सूं चालू राहते. श्रावणापासून हे चाललंय. आधी वाटलं डास आहे, मग वाटलं आंघोळीचं पाणी गेलं असेल. आता उजवा कानही त्याच वाटेला लागलाय.

तुला माझं काम माहीत आहे. ट्रॉलीच्या चाकाच्या मधोमध बसतो तो ओतीव हब साखळीला टांगायचा, हातोडीनं एक ठोका द्यायचा आणि ऐकायचं. माल चांगला असेल तर आवाज लांबवर जातो. आत चीर असेल तर मध्येच बसतो. चांगल्या हबवर मी माझा पोलादी पंच ठोकून चांदणीची खूण उठवतो आणि वाईट हब परत भट्टीत जातो. एकतीस वर्षं झाली. मोठ्या कंपन्यांच्या मालाला आता मशीन आलंय, पण ट्रॉलीच्या हबला अजून माझाच कान. त्या कानात काही बिघडलंय असं फौंड्रीत कळलं, तर राहिलेली दोन वर्षं मला गेटवर गाड्यांचे नंबर लिहीत बसावं लागेल. म्हणून गुपचूप राजारामपुरीतल्या कानाच्या डॉक्टरकडे गेलो.

त्यांनी मला काचेच्या खोलीत बसवलं, कानावर हेडफोन चढवले आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाले. मी प्रत्येक वेळी दाबलं. मग हातात कागद दिला. दोन्ही कान ठीक, श्रवणशक्ती वयाच्या मानाने उत्तम. मी म्हटलं, मग हे वाजतंय ते काय? तर डॉक्टर विचारतो, "काका, कसलं टेन्शन हाय काय?"

आक्का, मला असा संताप आला म्हणून सांगू. मी कान दाखवायला गेलो आणि हा माझं डोकं तपासतोय. त्याने समजावलंही बरंच. म्हणे माणूस रोज ताणात राहिला की झोप मोडते, शरीर सारखं सावध असतं, आणि एरवी ज्या बारीक आवाजाकडे मेंदू बघतही नाही त्यालाच तो धरून बसतो. मग आवाजाची काळजी सुरू होते आणि काळजीने आवाज वाढतो. मी म्हटलं, मला कसलंही टेन्शन नाही. कागदाची घडी खिशात कोंबली आणि बाहेर पडलो. तो कागद नुसता दिसला तरी अजून माझं टाळकं सरकतं.

कामावर नेहमीचंच आहे. जुन्या मालकांचे गुडघे गेले, ते आता घरीच असतात. त्यांचा राजवर्धन सगळं बघतो. शिकलेला आहे, हुशार आहे. बाकी विशेष काही नाही.

कुणाला बोलू नकोस.

तुझा
शिवशरण

---

जयसिंगपूर
२६ ऑक्टोबर २०२४

चि. शिवशरण,

आशीर्वाद आधी घे, कारण पुढे राग आहे.

श्रावणापासून कान वाजतोय आणि मला दिवाळीच्या तोंडावर सांगतोस? आणि सांगतोस ते सुद्धा अशा थाटात की डॉक्टरनेच तुझा अपमान केला. मला राग त्या लोकांचा येतो, जे कागदावर दिसत नाही तो आजारच नाही म्हणतात. नाव न घेता आमच्या शेजारच्या तानाबाईला विचारलं, तर म्हणाली, कायबी हुत न्हाय, लसणीचं तेल कोमट करून सोडा. खबरदार काही सोडलंस तर. कान आहे तो, फोडणीची कढई नाही.

पण तुझा डॉक्टर चुकला असं मला वाटत नाही. एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. मी मुख्याध्यापिका होते त्या शेवटच्या वर्षी आमची शाळा बंद करून दुसऱ्या शाळेत घालायचं घाटत होतं. रोज नवा कागद भरायचा, रोज नवा साहेब, आणि रोज संध्याकाळी दारात पालक. त्या वर्षी माझे दोन्ही कान चार महिने वाजत होते. वर्गात पोरं पाढे म्हणायची आणि मला मधमाश्या ऐकू यायच्या. शाळा राहिल्याचं पत्र आलं आणि पंधरा दिवसांत ते कधी थांबलं हे मला कळलंही नाही. मी वेडी होते काय? नव्हते. मग तूही नाहीस.

तेव्हा टेन्शन आहे. कामावर काही नाही असं तू लिहितोस, तेव्हा ते घरातच असणार. आणि घरात काय आहे ते मला दिसतंय. दानेश्वरीने यंदा फराळाच्या केवढ्या ऑर्डरी घेतल्या आहेत! सकाळपासून मिक्सर, चकलीचा सोऱ्या, दारात गिऱ्हाईक. दमून आलेल्या माणसाला टेकायला जागा नसेल तर कान वाजेल नाहीतर काय होईल? मी तिला वेगळं पत्र टाकलंय आणि चांगलं खरमरीत टाकलंय. कुणाला सांगू नको म्हणालास, पण भावजय म्हणजे काही 'कुणी' नव्हे.

झोप वेळेवर घे. चहा कमी कर.

आक्का

---

कोल्हापूर
५ नोव्हेंबर २०२४

वन्सं,

शरणार्थी. तुमचं पत्र ऐन दिवाळीत मिळालं. फराळ सगळा चांगला झाला, बिघडले ती मी.

मी मिक्सर लावून नवऱ्याचे कान खराब केले असं तुम्ही लिहिलंय. मिक्सर दुपारी चालतो, तेव्हा हे कामावर असतात. उलट हे संध्याकाळी येतात आणि मला म्हणतात, "अजून काय वाटायचं हाय काय? लाव की मिक्सर." मला वाटायचं, बायकोच्या धंद्याचं कौतुक चाललंय. तुमचं पत्र वाचल्यावर कळलं की त्या आवाजात यांची शीळ झाकून जाते. पंचवीस वर्षं संसार केला आणि नवऱ्याचं दुखणं मला नणंदेच्या पत्रातून कळावं. याचा राग मी कुणावर काढायचा ते तुम्हीच सांगा.

आता मी दोन गोष्टी सांगते, त्यांचा अर्थ तुम्ही लावा. तुम्ही शिकलेल्या आहात.

पहिली, यांचा चांदणीचा पंच पूर्वी फौंड्रीतल्या कपाटात असायचा. ऑगस्टपासून ते तो रोज खिशातून घरी आणतात. जेवताना ताटाशेजारी ठेवतात. विचारलं तर म्हणतात, दुसऱ्या कुणी वापरू नये म्हणून. दुसरी, वसुबारसेला राजवर्धन साहेब स्वतः घरी आले, मिठाईचा मोठा डबा घेऊन. इतक्या वर्षांत मालकांच्या घरचं कुणी आमच्या जिन्याची पायरी चढलं नव्हतं. मी आनंदाने चहा टाकला. साहेब गेल्यावर हे तो डबा न उघडता खालच्या वॉचमनला देऊन आले.

हे माझ्या चकलीमुळे झालं काय?

दानेश्वरी

---

जयसिंगपूर
११ नोव्हेंबर २०२४

चि. शिवशरण,

दानेश्वरीची मी माफी मागितली आहे, लेखी. मास्तरकीत एवढी वर्षं गेली, चूक झाली की दुरुस्त करून सही करायची सवय आहे. तुझी मात्र मागणार नाही, कारण तू लपवतो आहेस. पंच खिशात कशाला? मालकाच्या मुलाची मिठाई वॉचमनला कशाला? नीट उत्तर दे.

राग बाजूला ठेवून एक चांगली बातमी सांगते. उसाच्या हंगामासाठी तुझ्या दाजींनी नवी ट्रॉली बांधून घेतली. निळा रंग, मागे बसवेश्वरांचं नाव. सुट्या मालाच्या दुकानात हब घ्यायला मीही गेले होते. दुकानदाराने दुसऱ्या कुठल्यातरी फौंड्रीचे हब काढले, चकचकीत होते. दाजींनी हातसुद्धा लावला नाही. म्हणाले, "पावणं, चांदणीचं हाईत काय? माझ्या मेव्हण्याची खूण हाय ती. बिगर चांदणीचं मला दावू बी नका." मग दुकानदाराने आतून खोकं आणलं. दाजींनी चारही हब उलटेपालटे करून, धोतराच्या सोग्याने पुसून चांदणी बघितली आणि मगच घेतले. दुकानदार म्हणाला, अशी खूण बघून घेणारी या भागात पुष्कळ माणसं आहेत.

खरं सांगते, मला मनातून फार बरं वाटलं. तुझं नाव पेपरात कधी आलं नाही, पण लोक पुसून बघतात. पुढच्या सोमवारी उसाची पहिली खेप कारखान्याला जायची आहे. ऊसतोडीची टोळीही आली आहे, सात बायका आणि त्यांची लेकरं. परतीला ती सगळी ट्रॉलीतच बसून येतात.

आता पंचाचं सांग.

आक्का

---

जयसिंगपूर
२० नोव्हेंबर २०२४

शिवशरण,

आज चिरंजीव लिहायला हात वळत नाही.

रविवारी सकाळी तू न कळवता आलास. पिशवीत कपडे नव्हते, हातोडी होती. पाणीसुद्धा न पिता तू दाजींना म्हणालास, ट्रॉलीची चाकं काढा. दुसऱ्या दिवशी पहिली खेप, आणि तू चाकं काढायला लावलीस. त्या माणसाने लगेच पाना-पक्कड आणली. जॅक लावला, चारही हब उतरवले, ग्रीस पुसलं. तू एकेक हब चिंचेच्या फांदीला दोराने टांगलास आणि ठोका दिलास. पहिला छान वाजला. दुसराही. तिसऱ्याचा आवाज ठोक्याबरोबरच बसला, ते मलाही कळलं. चौथ्याला तू तीनदा ठोका दिलास आणि मग माझ्याकडे बघून म्हणालास, "आक्का, मला कळंना झालंय. शीळ लई वाजाय लागलीया. तू ऐक."

चौतीस वर्षं मी शाळेची घंटा ऐकली आहे. एकदा ती तडकली होती, तेव्हाचा आवाज मला अजून आठवतो. तुझा चौथा हब तसाच वाजला. त्यावरही चांदणी होती.

तू ते दोन्ही हब पोत्यात घातलेस आणि न जेवता एसटी गाठलीस. जाताना एवढंच म्हणालास की चांदणी माझीच आहे. मग आम्ही समजायचं ते समजलो.

मला तुझी कीव येत नाही, संताप येतो. तुझ्या बहिणीची ट्रॉली म्हणून तू पळत आलास. बाकीच्यांचं काय? ज्यांचा मेव्हणा फौंड्रीत नाही त्यांनी कुणाची वाट बघायची? या रस्त्याने दिवसाला दोनशे ट्रॉल्या जातात, एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन. हब फुटून, चाक निखळून पलटी झालेली ट्रॉली तू बघितलेली नाहीस. मी बघितली आहे, शाळेसमोरच्या वळणावर. ऊस उपसायला अर्धा दिवस गेला होता, आणि खाली कोण आहे ते तोवर कुणालाच माहीत नव्हतं. दाजींनी चांदणी पुसून बघितली आणि विश्वासाने घेतली. तशीच सगळे घेतात. तू त्या सगळ्यांना फसवलंस, आणि वर मला लिहितोस, कसलंही टेन्शन नाही.

आणखी एक. हे तुला आवडणार नाही, पण मी लपवणार नाही. सोमवारी दाजी नवे हब घ्यायला गेले तेव्हा दुकानदाराने विचारलं, चांदणीला काय झालं? तुझी अब्रू राखायला दाजी म्हणाले, "मेव्हण्याचं कान वाजत्यात बिचाऱ्याचं. म्हातारपण हाय, चूक व्हती की माणसाकडनं." त्यांनी मायेने सांगितलं. पण दुकानदाराचं तुमच्या फौंड्रीत रोजचं बोलणं असतं.

तुला काही म्हणायचं असेल तर सगळं म्हण. अर्धं लिहिलेलं पत्र मला नको.

शांतव्वा

---

कोल्हापूर
२ डिसेंबर २०२४

आक्का,

शरणार्थी. तुझं पत्र रोज वाचतो. तू नाव लिहून सही केलीस, ते जास्त लागलं. आता सगळं लिहितो.

मी कामाला लागलो तेव्हा जुन्या मालकांनी स्वतः माझ्या हातात हातोडी दिली होती. त्यांचा एकच नियम होता. शंका आली की ते कास्टिंग आपलं नाही, भट्टीत टाक. का शंका आली ते सांगावं लागायचं नाही. भट्टीच्या आवाजाने कान जाऊ नयेत म्हणून ते मला कापसाचे बोळे घालायला लावायचे. म्हणायचे, "माल परत वतता यील, कान न्हाय."

ऑगस्टमध्ये राजवर्धनने मला केबिनमध्ये बोलावलं. हंगामाच्या ऑर्डरी मोठ्या होत्या आणि माझ्या हातून परत जाणारा माल त्याला फार वाटत होता. म्हणाला, "काका, डाउट आला तर पास करा की. रिजेक्ट करायचं तर खात्री पायजे. तुमची खात्री लिहून द्या मला." आक्का, आवाज कसा लिहून देणार? पहिल्या दिवशी मी भांडलो. दुसऱ्या दिवशी तो हसत म्हणाला, मग सगळ्या जुन्या लोकांच्या कानांची तपासणी करून घेऊ या. त्या दिवशी मी एका बसक्या आवाजाच्या हबवर चांदणी उठवली. घरी येताना एसटी स्टँडजवळ शीळ सुरू झाली. तारीखसुद्धा सांगू शकतो, पण तुला काय करायची आहे.

मग रोजचंच झालं. रोज दोन, कधी चार. पंच घरी आणायला लागलो, कारण तो तिथे कपाटात राहिला की वाटायचं माझ्यामागेसुद्धा चांदण्या उठवतोय. शीळ वाढली तशी मला ती हवीशी वाटायला लागली, हे तुला कसं सांगू. हबचा आवाज बसला की मी मनात म्हणायचो, शिळेमुळे नीट कळलं नाही, चांगलाच असेल. डॉक्टरने कान ठीक आहेत म्हटल्यावर मला राग का आला ते मला आता कळतंय. माझी तेवढी एक सबब त्याने काढून घेतली होती.

तुझ्याकडून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी कामावर गेलो नाही. पोतं घेऊन जुन्या मालकांच्या घरी गेलो. ते व्हरांड्यात झोपाळ्यावर बसले होते. मी पोतं सोडलं. त्यांना खुर्चीत बसवलं, झोपाळ्याची एक कडी मोकळी केली, तिला हब टांगला आणि ठोका दिला. त्यांनी डोळे मिटले. म्हणाले, "परत." मी परत दिला. मग त्यांनी हात पुढे केला, हब स्वतःकडे वळवला आणि चांदणीवर अंगठा फिरवला. विचारलं, "असं किती?" मी म्हटलं, मोजलं नाही, ऑगस्टपासूनचे सगळे परत मागवा. प्रत्येक हबवर महिन्याचा आकडा ओतलेला असतो, ओळखता येतील. त्यांनी तिथल्या तिथे मुलाला फोन लावला. काय बोलले ते सांगत नाही, पण गुडघे दुखणारा माणूस उभा राहून बोलत होता.

माल परत यायला लागलाय. सगळ्या दुकानांना आणि ट्रॉली बांधणाऱ्यांना पत्रं गेली. पण ती पत्रं राजवर्धनने लिहिली. त्यात कारण दिलं होतं: आमच्या तपासनीसांना कानाचा आजार झाल्याने काही माल चुकून पास झाला. दाजींचं बोलणं दुकानदाराकडून त्याच्याकडे बरोबर पोचलं होतं. दाजींना दोष देऊ नकोस, त्यांनी मला झाकायला चादर टाकली, ती दुसऱ्याने ओढून स्वतःवर घेतली.

परवा त्याने मला बसवून घेतलं. कागद तयार होता. कानाच्या आजारामुळे माझ्याकडून चूक झाली, एवढ्यावर सही करायची. बदल्यात स्टोअरमध्ये बसून काम, रिटायर होईपर्यंत कुणी बोलणार नाही, निरोपसमारंभ, शाल, नारळ. वर म्हणाला, "काका, तुमचंच नाव ऱ्हातंय ह्यात. आजाराला कोण नावं ठेवतंय?" आक्का, त्याने चाळीस वर्षांच्या धंद्याचं नाव वाचवायला सगळा दोष माझ्या कानात कोंबला आणि माझ्यावरच उपकार केल्यासारखा बघत होता. आणि खरं सांगतो, माझा हात पेनाकडे गेला होता. सही केली असती तर तूसुद्धा एक दिवस मला आजारी म्हणून माफ केलं असतंस.

मग खिशातला तो डॉक्टरचा कागद आठवला. ऑक्टोबरपासून तसाच घडी करून होता. मी सही केली नाही. समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो, प्रती काढल्या, प्रत्येक प्रतीखाली माझ्या हाताने दोन ओळी लिहिल्या आणि सही केली. एक फौंड्रीच्या फळ्यावर लावली, एक राजवर्धनच्या टेबलावर ठेवली, एक मालकांना दिली, पंचासकट. पंच त्यांनी ठेवून घेतला. मला कामावर ठेवतात की नाही, की आणखी काही करतात, ते अजून माहीत नाही. दानेश्वरीला सगळं सांगितलंय. काल ती म्हणाली, चकलीच्या ऑर्डरी पोचवायला माणूस लागतोच.

शीळ थांबलेली नाही. थांबली असं लिहिलं असतं तर तुला बरं वाटलं असतं, पण आता लिहिण्यातही चांगल्या मालावरच चांदणी उठवायची असं ठरवलंय. डॉक्टरकडे परत गेलो होतो आणि या वेळी त्याच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. तो म्हणाला, वेळ लागेल. लागू दे.

कागदाची एक प्रत सोबत जोडली आहे. दाजींना म्हणावं, ती त्या दुकानदाराच्या भिंतीवर लावा, चांदणी बघून घेणारे येतात त्यांना दिसेल अशी. वर डॉक्टरने लिहिलंय, दोन्ही कान ठीक. खाली मी लिहिलंय, परत मागवलेल्या हबमधल्या चिरा मला ऐकू आल्या होत्या. प्रत्येक वेळी ऐकू आल्या होत्या.

शिवशरण